कांद्याच्या मुळाचं टोक

कांद्याच्या बुडाची वाळलेली मुळं ब्लेडने खरवडायची आणि कांदा पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यावर ठेवायचा, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा. तीन-चार दिवसांत पांढरीशुभ्र मुळं फुटतात. सकाळी ती कापून अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकतो. जी पेशी ज्या अवस्थेत असेल तशीच तिथे थांबते.

दुसऱ्या दिवशी टोकाचा फक्त दोन मिलिमीटर तुकडा घ्यायचा, कारण विभाजन चालतं ते तिथेच. स्लाइडवर अॅसिटोकार्माइन या लाल रंगाचा थेंब, त्यात किंचित हायड्रोक्लोरिक आम्ल, खाली स्पिरिटचा दिवा. स्लाइड हाताच्या पाठीला सोसेल इतकीच तापवायची, उकळी फुटता कामा नये. मग कव्हरस्लिप, टिपकागद आणि अंगठ्याचा सरळ दाब. कव्हरस्लिप जराशी सरकली तरी पेशी एकमेकींवर चढतात. सुरुवातीला माझ्या कितीतरी स्लाइड अशाच वाया गेल्या.

सूक्ष्मदर्शकात आधी निराशाच होते. बहुतेक पेशींत नुसतं गोल केंद्रक. स्लाइड सावकाश सरकवत राहिलं की एखाद्या केंद्रकात लोकरीच्या गुंड्यासारखे धागे दिसतात. ही पूर्वावस्था. मध्यावस्थेत कांद्याची 16 गुणसूत्रं पेशीच्या मधोमध येतात. पश्चावस्थेत प्रत्येकाचे दोन भाग वेगळे होऊन विरुद्ध टोकांकडे निघतात. त्यांना ओढणारे तर्कुतंतू जिथे धरतात तो भाग पुढे, लांब टोकं मागून फरफटत. मी ही पेशी शेकडो वेळा पाहिली आहे, तरी ती सापडली की श्वास रोखला जातो. शेवटी मधोमध नवी भिंत उभी राहते. प्राण्यांच्या पेशीत भिंत नसते, ती कमरेत आवळली जाऊन दोन होते.

पण समोरच्या पेशी मेलेल्या असतात. मग हा क्रम कळला कसा? जर्मनीत कील इथे वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या अळ्यांतल्या जिवंत पेशी पाहिल्या, रंगवलेल्या पेशींशी ताडून पाहिल्या आणि हा क्रम 1882 साली ग्रंथात मांडला. या विभाजनाचं ‘मायटोसिस’ हे नावही त्यांचंच, धाग्याच्या ग्रीक शब्दावरून.

मी विद्यार्थ्यांना पेशी मोजायला लावते. पूर्वावस्थेच्या भरपूर मिळतात, पश्चावस्थेच्या मोजक्याच. जी अवस्था लवकर उरकते ती कमी पेशींत सापडते. मेलेल्या पेशींच्या मोजणीतून वेळेचा अंदाज येतो तो असा.

विकतच्या स्लाइडवर सगळ्या अवस्था आयत्या मिळतात. शिक्षकांनो, ती स्लाइड कपाटात राहू द्या. प्रत्येक मुलाला एक कांदा द्या आणि शोधायला पूर्ण तास द्या.