काचेतली त्लिंगिट टोपी

१९८२ साली सिॲटलच्या ‘ग्लास आय’ स्टुडिओत प्रेस्टन सिंगलटरी लागले ते रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून. व्हायचं होतं संगीतकार. शाळासोबती दान्ते मारिओनी तिथे काच फुंकायचा, त्याच्या ओळखीने नोकरी मिळाली. पहारा सुटला, फुंकनळी हाती आली.

त्या काळी सिॲटलच्या पंचक्रोशीत काचेचं वारंच होतं. डेल चिहुली यांनी आश्रयदात्या हॉबर्ग दांपत्याच्या साथीने १९७१ मध्ये पिलचक ही काचकलेची शाळा सुरू केली होती. इटलीतल्या मुरानोच्या काच-उस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या दडवून ठेवलेली कसबं त्यांच्यातलेच लिनो ताल्यापिएत्रा तिथे सगळ्यांसमोर उघड करून दाखवत. सिंगलटरी तिथे तयार झाले, पुढे १९९३ मध्ये स्वीडनलाही जाऊन आले. इटालियन आणि स्कँडिनेव्हियन वळणाची भांडी त्यांच्या हातून सफाईने उतरत होती. सफाई वादातीत, पण सही झाकली तर ती आणखी कोणाचीही वाटली असती.

वेगळं काही करायचं तर ते घरातच होतं. आजोळच्या बाजूने सिंगलटरी अलास्काच्या त्लिंगिट समाजाचे. त्यांच्या शहराने या समाजाशी काय केलं, हे पायोनिअर स्क्वेअरमध्ये उभंच होतं. १८९९ मध्ये सिॲटलच्या प्रतिष्ठितांनी एका त्लिंगिट गावातला टोटेम खांब सरळ कापून आणला आणि चौकात उभा केला. तो १९३८ मध्ये आगीत खराब झाला, तेव्हा त्याच्या जागी नवा कोरून घेतला तोही त्लिंगिट कारागिरांकडूनच!

ऐंशीचं दशक संपता संपता सिंगलटरींनी काचेवर त्लिंगिट आकृत्या आणायला सुरुवात केली. ही चित्रशैली मोकळी नाही. फुगत-निमुळती होत जाणारी एकच रेघ सगळी आकृती बांधून ठेवते. डोळे आणि सांधे गोलसर कोपऱ्यांच्या लंबगोलांत बसतात. अभ्यासक बिल होम यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात या शैलीचं व्याकरण मांडलं आहे. त्यातून कुलचिन्हं कुळाच्या मालकीची, आवडलं म्हणून कोणीही कोणतंही काढू शकत नाही. सिंगलटरींचं कुळ कागवानतान, चिन्ह किलर व्हेल. एवढ्या कुंपणात स्वतःचा सूर कुठून सापडणार, असं आपल्याला वाटेल. रागाच्या चौकटीत राहून गवई वेगळा ओळखू येतोच की! सिंगलटरींचंही तसंच झालं, असं मला वाटतं. हवं ते करण्याची मुभा असताना त्यांचं काम चारचौघांसारखं होतं. बंधनं आली आणि ते ओळखू येऊ लागलं.

त्यांची टोपी पाहा. त्लिंगिट टोपी मुळात स्प्रूस झाडाच्या मुळ्यांची विणलेली, वर निमुळती, खाली पसरट काठाची. सिंगलटरी ती फुंकतात. आतल्या काचेवर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर चढवायचा, आकार द्यायचा आणि सावकाश थंड करायची. घाई केली की तडकलीच. मग पृष्ठभागावर चिकटपट्टी लावून आकृती कापायची आणि वाळूचा झोत सोडायचा. उघडा भाग झिजतो, आतला रंग वर येतो, झाकलेली रेघ उठावदार राहते. नंतर टोपीवर वरून दिवा सोडला की तीच आकृती खाली चौथऱ्यावर सावली होऊन उमटते. विणलेल्या टोपीत हे शक्यच नव्हतं. मला तरी हा सगळ्यात मोठा शोध वाटतो: आकृती पूर्वजांची, सावली मात्र काचेची.

परंपरेतल्या लाकडाच्या आणि मुळ्यांच्या जागी काच कशाला, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. पण या किनाऱ्यावरच्या लोकांनी व्यापाऱ्यांनी आणलेले काचेचे मणी कधीच आपलेसे केले होते. शिवाय नू-चा-नुल्थ कलावंत जो डेव्हिड यांच्यासारखे जाणते गुरू सिंगलटरींच्या पाठीशी होते.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. २००९ मध्ये टाकोमाच्या ‘म्युझियम ऑफ ग्लास’ने त्यांच्या कामाचं सिंहावलोकन करणारं प्रदर्शन भरवलं. २०१८ मध्ये तिथेच डोमकावळ्याने उजेड चोरून जगाला दिल्याची त्लिंगिट कथा त्यांनी काचेत उभी केली. २०२२ मध्ये ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये पोहोचली. मला मात्र महत्त्वाचं वाटतं ते २०१५ चं काम. अलास्कातल्या जुनोमध्ये सीअलास्का हेरिटेज संस्थेची इमारत उभी राहिली, तिच्यातल्या कुलगृहाची दर्शनी भिंत आणि खांब सिंगलटरींच्या काचेचे आहेत. हे कुलगृह म्हणजे संग्रहालयातलं दालन नव्हे. त्लिंगिट लोकांचे समारंभ त्या काचेसमोर होतात.

आणि संगीतही सुटलं नाहीच. ‘कू-इक्स’ नावाच्या बँडमध्ये ते बास गिटार वाजवतात, त्यातली गाणी त्लिंगिट भाषेतही आहेत.