नाटकाला आगाऊ परवाना कशाला?

पुस्तक छापावयाचें झालें तर छापणाराला आधीं पोलिसांकडे जावें लागत नाहीं. संपादक रात्रीं अग्रलेख लिहितो व सकाळीं तो लोकांच्या हातीं पडतो. त्यांत गुन्हा असेल तर संपादक कोर्टांत उभा राहतो. परंतु लेख आधीं कोणास दाखवून त्यावर शिक्का मारून घेण्याची त्याला गरज नसते. मग तोच मजकूर दोन पात्रांच्या तोंडीं घालून, पडदा वर करून आणि तिकीट लावून म्हटला, कीं त्याला सरकारनियुक्त मंडळाचें प्रमाणपत्र कां लागावें? मुंबई पोलिस अधिनियम, १९५१ याच्या ३३ व्या कलमानें करमणुकीचीं स्थळें व प्रयोग यांविषयीं नियम करण्याचा अधिकार पोलिस खात्यास दिला, आणि त्याच्या आधारावर संहिता आगाऊ तपासून घेण्याचा दंडक महाराष्ट्रांत रूढ झाला. आमचे नाटककार व निर्माते या दंडकाला पावसाळ्यासारखा मानत आले. कुरकुर करावयाची, पण छत्री घेऊन निघावयाचें. ही संवय मोडणें अवश्य आहे असें आमचें स्पष्ट मत आहे, व तें कायद्याच्या आधारानें मांडण्याचा आज विचार आहे.

नाटकांवरील दडपण ही परकी सरकारची देणगी होती व सरकारबरोबर तीहि गेली, असा एक सोयीचा समज सुशिक्षितांत आढळतो. तो अर्धाच खरा आहे. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा कलकत्त्याच्या रंगभूमीवरील धीट नाटकांना वेसण घालण्याकरितां झाला. बदनामीकारक, सरकारविषयीं अप्रीति उत्पन्न करणारा किंवा प्रेक्षकांस नीतिभ्रष्ट करणारा प्रयोग मना करण्याची सत्ता त्याच्या तिसऱ्या कलमानें सरकारास दिली होती. १९१० सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चे प्रयोग बंद पाडले गेले ते याच कायद्यानें. नाटकांत कर्झनसाहेबांचें नांव कोठेंहि नव्हतें. कथा महाभारतांतली, दरबार विराटाचा. तथापि कीचक कोण, द्रौपदी कोण व भीमाचा संताप कोणाचा, हें प्रेक्षकांनीं तेव्हांच ओळखलें. सरकारनें ओळखलें जरा उशिरा. हा उशीर वाचकांनीं लक्षांत ठेवावा. नाटक रंगभूमीवर आलें १९०७ सालीं, म्हणजे बंदी येण्यापूर्वीं जवळजवळ तीन वर्षें तें महाराष्ट्रानें डोळे भरून पाहिलें होतें. १८७६ च्या कायद्याचा मुख्य रोख बंदी घालण्यावर होता. आगाऊ परवान्याची अट सरकारनें खास जाहीर केलेल्या मुलुखापुरतीच घालतां येई. प्रत्येक संहिता प्रथम मंडळाच्या चाळणींतून गेली पाहिजे असा हल्लींसारखा नियम तेव्हां कडकपणें चालता, तर 'कीचकवधा'ची नांदी तरी झाली असती काय? संसदेच्या निरसन कायद्यानें तो १८७६ चा कायदा २०१८ सालीं रद्द झाला. परक्यांनीं केलेला कायदा असा कपाटांत गेला. स्वकीयांनीं केलेला नियम मात्र पोलिसांच्या टेबलावर तसाच राहिला.

आतां घटनेकडे वळूं. १९ व्या कलमानें भाषणाचें व विचारप्रकाशनाचें स्वातंत्र्य नागरिकास दिलें, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानें त्याला कुंपणहि घातलें. आम्ही कुंपणाचे शत्रु नाहीं. बदनामी, गुन्ह्यास चिथावणी, न्यायालयाचा अवमान, सभ्यता व नीति हीं कारणें तेथें लिहिलेलीं आहेत, आणि कोणत्याहि शहाण्या समाजांत हीं कारणें या ना त्या रूपानें असावयाचींच. वाद कुंपणाचा नाहीं. कुंपणावर बसणाऱ्याचा आहे. राज्यघटना अमलांत येऊन चार महिने होतात न होतात तोंच दिल्लीच्या 'ऑर्गनायझर' साप्ताहिकाचें प्रकरण सुप्रीम कोर्टापुढें आलें. कांहीं प्रकारचा मजकूर छापण्यापूर्वीं सरकारकडून तपासून घ्यावा असा हुकूम त्या पत्रास झाला होता. मे १९५० मध्यें कोर्टानें तो हुकूम घटनाबाह्य ठरविला. पुढच्याच वर्षीं पहिली घटनादुरुस्ती झाली. तींत सार्वजनिक सुव्यवस्थेसारखीं नवीं कारणें दाखल झालीं, पण त्याचबरोबर निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत हा शब्दहि आला. वाजवीपणा म्हणजे काय याचा खुलासा १९५२ च्या व्ही. जी. राव खटल्यांत झाला. निर्बंध कशावर आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. तो कोण घालतो, कोणत्या रीतीनें घालतो व ज्यावर घातला त्याला दाद कोठें मिळते, हेंहि पाहावें लागतें. या कसोटीवर संहितेची आगाऊ तपासणी घासून पाहा. येथें गुन्हा घडलेला नसतो. सरकारपक्षाला कांहीं सिद्ध करावें लागत नाहीं. आपलें नाटक निरुपद्रवी आहे हें नाटककारानेंच पटवून द्यावयाचें, आणि तें ऐकणारें मंडळ सरकारनेंच नेमलेलें. फौजदारी कायद्यांत ज्याला आपण आरोपीचा हक्क म्हणतों तो चोराला आहे, नाटककाराला नाहीं!

ही केवळ तात्त्विक तक्रार नव्हे. विजय तेंडुलकरांचें 'सखाराम बाइंडर' १९७२ सालीं कमलाकर सारंगांनीं रंगभूमीवर आणलें, आणि थोड्याच प्रयोगांनंतर तें परिनिरीक्षणाच्या कचाट्यांत सांपडलें. सारंग हायकोर्टांत गेले व नाटक सुटलें. पण सारंगांच्या ठिकाणीं कर्ज काढून नाटक उभें करणारा दुसरा एखादा निर्माता असता, तर त्यानें काय केलें असतें? सांगितलेलीं वाक्यें गाळून तो मोकळा झाला असता. आगाऊ तपासणीचा खरा उपद्रव हाच आहे. जें नाटक कोर्टांत जातें तें इतिहासांत राहतें. जें लिहितांनाच लेखकानें स्वतः कापलें, त्याची दप्तरीं नोंदहि होत नाहीं.

दुसरें उदाहरण आम्हांस स्वतःला अप्रिय आहे, म्हणूनच तें देतों. प्रदीप दळवी यांच्या 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकाचे प्रयोग १९९८ सालीं बंद झाले. गांधीजींच्या खुन्याला व्यासपीठ देणारें तें नाटक आम्हांस पसंत नाहीं. त्याची विचारसरणी आम्हांस राष्ट्रघातक वाटते. तरीहि २००१ सालीं त्याच्या पुस्तकावरील जप्तीचा हुकूम मुंबई हायकोर्टानें रद्द केला, तो निकाल योग्य होता असें आम्ही म्हणतों. आपल्याला आवडणाऱ्या मतापुरतेंच स्वातंत्र्य मागणें म्हणजे स्वतःच्या शेतापुरता पाऊस मागण्यासारखें आहे. गांधीजींची थोरवी एवढी तकलादू नाहीं कीं दोन अंकांच्या नाटकानें ती ढळावी.

प्रतिपक्षाचा पहिला मुद्दा असा कीं, चित्रपटाला आगाऊ प्रमाणपत्र चालतें, मग नाटकाला कां नको? 'अ टेल ऑफ फोर सिटीज' या अनुबोधपटाच्या निमित्तानें ख्वाजा अहमद अब्बास यांनीं चित्रपटांच्या तपासणीलाच आव्हान दिलें होतें, व १९७० सालीं सुप्रीम कोर्टानें ती तपासणी घटनेंत बसते असा निर्णय दिला. चालत्या चित्राचा मनावर होणारा परिणाम फार खोल असतो हें त्याचें मुख्य कारण. निर्णय मान्य करूनहि एक गोष्ट सांगावीशी वाटते. चित्रपटाचें जें रूप मंडळ पाहतें तेंच गांवोगांव दिसतें. नाटकाचें तसें नाहीं. मंडळ वाचतें कागद. लोक पाहतात नट. 'विच्छा माझी पुरी करा' या वगांत दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या राजकारणावर जागच्या जागीं कोट्या करीत. त्या कोणत्या संहितेंत होत्या? तमाशांतल्या बतावणीवर शिक्का कोणत्या पानावर मारणार? नटानें एक भुंवई उंचावली तर निरुपद्रवी वाक्याचें राजद्रोही वाक्य होतें, आणि भुंवई कागदावर उमटत नाहीं. म्हणजे ज्याला खोडी काढावयाची त्याला ही तपासणी अडवूं शकत नाहीं, व जो प्रामाणिकपणें सगळें लिहून देतो त्यालाच तेवढी ती नडते.

दुसरा मुद्दा दंगलीचा. लोकांच्या भावना दुखावतील, खुर्च्या मोडतील, दगड पडतील, म्हणून आधींच थांबवा. या युक्तिवादाचा निकाल १९८९ सालीं रंगराजन खटल्यांत लागलेला आहे. एका तामिळ चित्रपटाविरुद्ध निदर्शनांची भीति दाखविण्यांत आली होती. निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीला भिऊन विचारप्रकाशन दडपतां येत नाहीं, त्याला संरक्षण देणें हें सरकारचें कर्तव्य आहे व असमर्थतेची सबब सांगतां येणार नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें बजावलें. पोलिसांनीं दगड मारणाराचा हात धरावयाचा कीं नाटककाराची लेखणी? आमच्याकडे दुसरें काम सोपें म्हणून तेंच आधीं केलें जातें.

नाटकांत खरोखरच गुन्हा असेल तर प्रयोगानंतर खटला भरावा, हा आमचा मार्ग. पण या मार्गावर गुलाब पसरले आहेत असें आम्ही भासविणार नाहीं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. अश्लीलतेच्या आरोपांतून मॅजिस्ट्रेटनें त्यांस सोडलें, हायकोर्टानें दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला, आणि सुप्रीम कोर्टानें १९६९ सालीं निर्दोष सोडलें. पंचवीस रुपयांच्या दंडापायीं सात वर्षें! वसंत दत्तात्रय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या पत्रिकेंत १९९४ सालीं छापली गेली. एकवीस वर्षांनंतर, २०१५ सालीं, सुप्रीम कोर्टानें प्रकाशक व मुद्रक यांस मोकळें केलें. कवीवरील आरोप मात्र खालच्या कोर्टांत चालावा असें ठरविलें. थोर पुरुषांच्या नांवाचा प्रश्न आला म्हणजे अश्लीलतेची कसोटी अधिक कडक, असा त्या निकालाचा आशय आहे. आम्हांस तो पटत नाहीं. कायद्याच्या शब्दांत थोर-लहान असा भेद नाहीं, आणि कला-साहित्याच्या हितार्थ १९६९ सालीं त्याच कलमाला जोडलेला अपवाद अशा कसोटीनें आखडतो. तें २९२ वें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमाच्या रूपानें चालूं झालें आहे. नंबर बदलला, अडचण तीच.

तरीहि दोन्हींत महदंतर आहे. खटला उघड्या न्यायालयांत चालतो, साक्षी होतात, निकालाला कारणें द्यावीं लागतात व त्यावर अपील असतें. 'शामा'चा निकाल आज कोणताहि विद्यार्थी काढून वाचूं शकतो. आणि खटल्याचा जाच कमी करण्याचे उपायहि आहेत. मार्च २०२५ मध्यें इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरील फिर्याद रद्द करतांना सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या अशा आरोपांत गुन्हा नोंदविण्यापूर्वीं पोलिसांनीं प्राथमिक चौकशी करणें उचित होय; आणि शब्दांचा परिणाम दुबळ्या, पदोपदीं धोका दिसणाऱ्या मनाच्या मापानें मोजावयाचा नाहीं. हेंच माप नाट्यगृहाच्या दारांत कां लागूं नये?

अमोल पालेकर यांनीं २०१६ सालीं या आगाऊ परिनिरीक्षणाला मुंबई हायकोर्टांत आव्हान दिलें. परंतु सगळा भार न्यायालयावर टाकून विधिमंडळानें स्वस्थ बसणें शोभत नाहीं. दुरुस्ती लहान आहे. पोलिस अधिनियमाखालील नियमांतून संहितेच्या तपासणीचा भाग काढून टाकावा. बाकीचा परवाना खुशाल ठेवावा. नाट्यगृहाचीं दारें बाहेरच्या बाजूस उघडतात कीं नाहीं, आग लागल्यास पाणी कोठून येईल, आसनांपेक्षां जास्त तिकिटें विकलीं गेलीं काय, विजेच्या तारा उघड्या आहेत काय, हें पोलिसांनीं अवश्य विचारावें. आमच्या तालुक्यांच्या गांवीं कित्येक नाट्यगृहांत तेंच कोणी विचारीत नाहीं.