शेजार पुन्हा बसवताना : धाराशिव जिल्ह्यातील भूकंपोत्तर पुनर्वसनाचा मागोवा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद सरकारदप्तरी झाली. आदल्या रात्री गणरायाला निरोप देऊन गावे नुकतीच कोठे निजली होती. त्या पहाटेचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि ते येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्या पहाटेनंतरच्या तीस वर्षांत, शासन, स्वयंसेवी संस्था आणि खुद्द गावकरी अशा तीन पक्षांनी मिळून जे काम या जिल्ह्यात केले, त्याने मोडलेले संसार कितपत सावरले आणि विस्कटलेले शेजार कितपत पुन्हा बसले, याचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला. घरांची मोजदाद झाली, सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब झाला. शेजाराची मोजदाद करणारा रकाना कोणत्याच अहवालात नव्हता.

त्या रात्री माणसे भूकंपाने मेली त्याहून अधिक आपापल्या घरांनी मारली, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सास्तूर, राजेगाव, होळी, पेठसांगवी, एकोंडी ही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील गावे काळ्या दगडाच्या, दोन-अडीच हात रुंदीच्या, मातीत रचलेल्या भिंतींची होती. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू स्वतंत्र रचायची, मधली पोकळी दगडाच्या कपच्यांनी भरायची, आणि वर लाकडाच्या सांगाड्यावर हातभर मातीचे माळवद घालायचे, अशी बांधणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. उन्हाळ्यात असे घर थंड राही, आणि देवळी, उतरंड, बळद यांना त्यात हक्काची जागा असे. पण भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकत्र जखडून ठेवणारा आरपार दगड तीत क्वचितच घातला जाई, त्यामुळे हादरा बसताच भिंत दुभंगून कोसळली आणि माळवदाची माती निजलेल्यांच्या अंगावर आली. दख्खनचे हे पठार भूकंपापासून निर्धास्त आहे असा जाणत्यांचाही समज होता. वर्षभर आधी, १९९२ साली, किल्लारीच्या आसपास लहान धक्के बसले होते, तरी तो समज पुरता ढळला नव्हता.

पहिल्या काही महिन्यांत सर्वांत निकडीचा प्रश्न मुलांचा होता. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. तर याच जिल्ह्यात, नळदुर्ग येथे, राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतील पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आपलं घर’ उभे केले. या दोन वाटांत कोणती अधिक योग्य, असा वाद घालण्याचे कारण नाही, कारण पोरक्या मुलाला छप्पर आणि शाळा मिळणे हेच त्या घडीला मोठे होते. तरीही मला नळदुर्गच्या वाटेचे अगत्य अधिक वाटते. मूल आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत, हाकेच्या अंतरावरच्या आत्या-मावशींच्या येण्याजाण्यात वाढले, तर उरलेसुरले गणगोत त्याच्याभोवती टिकून राहते. आईबाप गमावलेल्याला एवढी तरी शिल्लक पाठीशी लागते.

संसारांची मोडतोड किती खोल होती, हे एका गोष्टीवरून कळते. मुले गमावलेल्या कित्येक स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती, आणि पुन्हा मातृत्वाची आशा धरून त्या ती शस्त्रक्रिया उलटवून घेण्यासाठी रुग्णालयांच्या दारी आल्या. अशा शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केल्याही. विधुरांची लग्ने लौकरच लागली; विधवांच्या वाट्याला मात्र भरपाईच्या रकमेवरून सासर-माहेरची ओढाताण आली. नुकसानभरपाईचा धनादेश कोणाच्या नावे निघावा, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात बाईचे पुढचे सारे आयुष्य अडकलेले असे. अशा वेळी पंचनाम्याचा कागद वाचून दाखवणारे, तहसीलीत सोबत येणारे कोणी आपले माणूस असणे किती मोलाचे, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच ठाऊक.

१९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र शासनाचा पुनर्वसन प्रकल्प सुरू झाला आणि तो १९९८ पर्यंत चालला. संपूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची, आणि ज्या असंख्य गावांत घरे पडझडीने खिळखिळी झाली होती तेथे घरमालकानेच जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे, असे त्याचे दोन मुख्य भाग होते. या दोन भागांचा इतिहास निरनिराळा आहे, आणि त्या दोहोंतील अंतरातच या मागोव्याचे सार आहे असे मला वाटते.

नव्या गावांत भूमिहीन व हेक्टरभरापर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, त्याहून अधिक, सात हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्यास ४००, आणि त्याहून मोठ्या खातेदारास ७५० चौरस फूट घर मिळाले. कित्येक गावे दात्या संस्थांनी दत्तक घेतली आणि ठेकेदारांकरवी बांधून दिली. गावकऱ्यांचा विचार घेतला जावा म्हणून टाटा समाजविज्ञान संस्थेकडे लोकसहभागाचे काम सोपवले गेले. या संस्थेचे तुळजापूर येथील ग्रामीण केंद्र भूकंपाच्या काही वर्षे आधीपासून या जिल्ह्यात होते. परंतु नकाशा बहुधा आधी ठरलेला असे. सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, आणि जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे पडलेल्या घरांच्या ओळी, अशी ती रचना होती. जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद होत्या हे खरे, आणि त्या अरुंदपणानेच पुष्कळांचे प्राण गेले हेही खरे. परंतु त्याच गल्लीत ओसरीवर बसून म्हातारी शेजारणीचे तान्हे सांभाळी, आणि एकीचे जळण संपले की दुसरीच्या कोनाड्यातून ते येई. दोन भावांपैकी एकाच्या नावे जमीन असली आणि दुसऱ्याच्या नसली, तर नव्या गावात एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला जाण्याची पाळी येई. गावाचा पसारा पूर्वीच्या कित्येक पट झाल्याने पाण्याची नळयोजना, दिवे आणि रस्ते राखणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेले. बैल, कडबा आणि औते ठेवायला घरात सोय नव्हती, म्हणून लोकांनी शेजारी पत्र्याचे शेड उभारले, आणि पुष्कळ दिवस स्लॅबच्या घरात सामान व शेडमध्ये माणसे असा मामला चालला.

याच्या उलट दुरुस्तीच्या कार्यक्रमात घर ज्याचे त्याचेच राहिले आणि गल्लीही जागची हलली नाही. नुकसानीच्या दर्जाप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या बँकेच्या खात्यात जमा होत. पहिल्या हप्त्याचे काम कनिष्ठ अभियंत्याने पाहून पसंत केले की पुढचा हप्ता सुटे. हे काम हजारो घरांत एकाच वेळी चालू झाले, आणि थोड्याच दिवसांत उघड झाले की अभियंता एक आणि गावे पुष्कळ, शिवाय घरातल्या ज्या माणसाला भिंतीचा खरा ध्यास, तिच्याशी कोणी बोलतच नव्हते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेवर शासनाने लोकसहभागाची जबाबदारी टाकली, आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील बाराशेवर गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या.

ही नेमणूक वरवर पाहता किरकोळ होती. मानधन जुजबी, अधिकार जवळजवळ नाहीच. परंतु सरकारी योजनेचा हुकूम आणि चुलीपुढचे प्रश्न यांच्यामध्ये प्रथमच गावातीलच एक बाई उभी राहिली. तिने काय केले, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. गावात एखादे नमुन्याचे घर दुरुस्त होत असले, की ती बायकांना तेथे नेई. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड कसा बसवतात, चौकटीवरून काँक्रिटचा पट्टा भिंतीभोवती सलग कसा फिरवतात, माळवदावरची माती कोठवर उतरवायची, हे तेथे डोळ्यांनी पाहून कळे. त्यानंतर घराघरात गवंडी काम करू लागला की घरची बाई वाळूत माती किती मिसळली आहे ते मुठीत धरून पाही, आणि काँक्रिटवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याचे काम, जे पूर्वी पोराटोरांवर सोडलेले असे, ते ती स्वतःच्या अंगावर घेई. पाणी दूरच्या विहिरीवरून आणायचे असे, पण कच्च्या पट्ट्याला पाणी मिळाले नाही तर साऱ्या खर्चाची माती होते, हे तिला उमगले होते. सरपंच, अभियंता आणि बँकेचा अधिकारी एकत्र बसतात त्या ग्रामसभेत, पदर डोक्यावर घेऊन का होईना, आमच्या गल्लीत तीन घरांचा हप्ता अडला आहे तो का, असे विचारण्याइतकी भीड तिची चेपली.

मला या कार्यक्रमाचे खरे मोल येथे दिसते. भागीदारी हा शब्द आपल्याकडे दानधर्माच्या अर्थाने फार सैल वापरला जातो. देणारा देतो, घेणारा घेतो, आणि फलकावर दोघांची नावे लागतात. या दुरुस्तीच्या कामात घेणाऱ्याकडे हिशेब विचारण्याचा हक्क आला होता, म्हणून ती भागीदारी नावापुरती राहिली नाही. उणिवा होत्याच. सर्वच गावांत सहायकेचे ऐकले गेले असे नाही. जेथे पाटीलकीचा दरारा अद्याप शाबूत होता तेथे तिला चावडीबाहेरच थांबावे लागले, आणि दलित वस्तीतील बाईला हा अडथळा दुहेरी झाला. तरीही एकत्र बसून कागद वाचण्याची सवय ज्या गल्लीला लागली, तेथे ती हप्ते संपल्यावरही सुटली नाही.

आरोग्याच्या क्षेत्रातही असेच काही घडले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी, डॉ. क्रांती रायमाने आणि त्यांचे मित्र यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम भूकंपाच्या थोडे आधी सुरू केले होते. गावातल्याच स्त्रियांना प्राथमिक उपचारांचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करण्याची त्यांची योजना भूकंपानंतर पसरली. अंगणात येऊन बसणाऱ्या आपल्याच आळीच्या बाईला, बाळंतपणानंतरची अशक्तता असो वा नवऱ्याची मारहाण असो, जे सांगता येते ते दवाखान्यातल्या टेबलापुढे सांगता येत नाही. सास्तूरचे स्पर्श ग्रामीण रुग्णालय, शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीत चाललेले, हेही त्याच काळाचे अपत्य होय.

१९९८ साली प्रकल्पाची मुदत सरली आणि संवाद सहायक हे पद उरले नाही. पण त्या पदावर काम केलेल्या बायका उरल्या. त्यांनी बचत गट बांधले, गटांचे संघ केले, आणि रेशन, अंगणवाडी, पाणीपुरवठा यांकडे लक्ष वळवले. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा या दोन जिल्ह्यांतील स्त्रिया तेथील बायकांच्या भेटीस गेल्या. भाषा निराळी, पण घर पडल्यावर पहिल्या आठवड्यात काय विचारायचे, कोणत्या कागदावर सही करण्यापूर्वी थांबायचे, ही माहिती त्यांच्यापाशी अनुभवाने आलेली होती. ज्यांना आठ वर्षांपूर्वी मदत दिली गेली, त्या आता स्वतःचे ज्ञान घेऊन परमुलखात उभ्या होत्या.

पुढे दुष्काळाने या मुलखाची परीक्षा पाहिली. २०१२ नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत, नगदी पिकापायी घेतलेले कर्ज फिटेना आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या थांबेनात, अशा दिवसांत स्वयं शिक्षण प्रयोगाने आणि या बचत गटांनी मिळून एक एकराची शेती पुढे आणली. घरच्या जमिनीतील एखादा एकर, निदान अर्धा, बाईने नवऱ्याकडून आणि सासऱ्याकडून आपल्या मर्जीने पिकवण्यासाठी मागून घ्यायचा. त्यात भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी अशी घरात खाल्ली जाणारी पिके थोडक्या पाण्यावर आणि शेणखता-गोमूत्रावर घ्यायची. आधी घरचे ताट, मग बाजार. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे, ज्यांना फार तरुणपणी वैधव्य आले आणि ज्या बचत गटातून पुढे आल्या, त्या या कामाच्या एक अग्रणी होत. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक स्वयं शिक्षण प्रयोगास मिळाले. पारितोषिकाहून मला ती जमीन मागून घेण्याची क्रिया महत्त्वाची वाटते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईने घरात बसून, भांडण न करता, एका एकराचा निर्णय आपल्याकडे घेणे हे संवाद सहायकेने ग्रामसभेत विचारलेल्या प्रश्नाचेच पुढचे पाऊल होते.

एक काम मात्र अर्धवट राहिले, आणि त्याची चिंता वाहणारे आज कोणी दिसत नाही. नव्या गावांत कुटुंबे वाढली, मुलांची लग्ने झाली, २५० चौरस फुटांत दोन चुली मावेनात, तेव्हा लोकांनी घरापुढे-घरामागे खोल्या काढल्या. आणि त्यासाठी साहित्य म्हणून कित्येकांनी जुन्या, ओस पडलेल्या गावातलेच दगड आणि लाकूड वाहून आणले. त्या भिंती पुष्कळदा पुन्हा मातीतच रचल्या गेल्या, आरपार दगडाविना आणि पट्ट्याविना. दुरुस्तीच्या गावांत जी विद्या बायका मुठीत वाळू धरून शिकल्या, ती या ५२ गावांना शिकवण्याची तजवीज प्रकल्पात नव्हती, कारण तेथे घरे तयार मिळायची होती. ज्यांना ती विद्या येते त्या स्त्रिया आता साठीच्या पुढे गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक या नव्या गावांपासून एका एस.टी.च्या अंतरावर राहतात. जिल्हा परिषदेने त्यांना गावोगाव बोलावून, नव्याने बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक खोलीपाशी उभे करावे, आणि ते पुढच्या पावसाळ्याआधी करावे.