पिकअपचं कोटेशन कसं वाचावं

समुद्रपूर तालुक्यात पिकअप हौसेसाठी घेतली जात नाही. हिंगणघाटच्या बाजारात कापूस न्यायचा, वायगावची हळद नाहीतर भाजीपाला नागपूरला कळमन्याच्या बाजारात पोचवायचा, हंगाम सरला की कुणाचं सिमेंट आणायचं, कुणाचं घरसामान हलवायचं. गाडीचा हप्ता याच फेऱ्यांतून निघतो. म्हणून सौद्यात जादा गेलेले तीस हजार नंतर कित्येक फेऱ्या मारून भरून काढावे लागतात. तरीही बहुतेक जण शोरूममध्ये शिरताच विचारतात, "शेवटचं किती?" हा प्रश्न खरोखर शेवटी विचारावा. आधी प्रत्येक रक्कम वेगळी लिहिलेलं, सहीशिक्क्याचं कोटेशन मागावं. भाव पाडायची जागा त्या कागदावरच सापडते.

पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची. तिच्यात जीएसटी धरलेला असतो. मालवाहू गाड्यांवर हा कर 28 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. जुन्या दराने दहा लाखांना असलेली गाडी, मूळ किंमत तीच राहिली तर, 9,21,875 रुपयांना बसते. हे 78,125 रुपये सरकारने सोडले आहेत. जुना भाव दाखवून हीच रक्कम कुणी 'खास सूट' म्हणून सांगत असेल, तर डीलरने पदरचा एक रुपयाही सोडलेला नाही.

त्याखालच्या काही ओळींत घासाघीस चालत नाही, तिथे वेळ घालवू नये. 1 जुलै 2025 पासून महाराष्ट्रात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर आहे. दहा लाखांच्या गाडीला 70,000 रुपये. नोंदणी फी, कर्जाचा बोजा चढवायची फी हेही सरकारी. मात्र या सगळ्याची पावती निघते. कोटेशनमधली रक्कम आणि पावतीवरची रक्कम एकच असली पाहिजे, हे बुकिंगच्या आधीच बोलून घ्यावं. गाडी दहा लाखांच्या वर गेली तर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, लागतो, पण तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरण भरलं की वळता करून घेता येतो.

विमा मात्र अर्धा बांधलेला, अर्धा मोकळा. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. 2022 च्या दरपत्रकात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू चारचाकीसाठी तो करांआधी 16,049 रुपये आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. डीलरकडचाच विमा घ्यायची सक्ती नाही. वर्धा किंवा हिंगणघाटच्या एखाद्या एजंटाकडून त्याच विमा रकमेचा दुसरा भाव आणून टेबलावर ठेवला, की शोरूमचा आकडाही बऱ्याचदा खाली येतो.

मग उरतात डीलरच्या हातातल्या ओळी: हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक, ॲक्सेसरी किट, कोटिंग, वाढीव वॉरंटी. हँडलिंग चार्ज हा सरकारी आकार नाही. कंपनीच्या गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणणं हा धंद्याचा खर्च आहे, तो गिऱ्हाइकाच्या माथी वेगळा मारू नये. "ही ओळ कोणत्या नियमाने आहे, लिहून द्या," एवढं शांतपणे म्हणावं. ताडपत्री, मॅट असल्या वस्तू बाजारात कितीला मिळतात ते आधी विचारून ठेवावं. फुकट म्हणून दिलेल्या किटपेक्षा तेवढी रोख सूट बरी.

ही रोख सूट किती मिळेल? ते दुसऱ्या कोटेशनवर ठरतं. आपल्या भागाला एक सोय आहे: जामच्या चौरस्त्यावरून नागपूरही गाठता येतं, चंद्रपूरही, आणि वर्धा तर जिल्ह्याचंच ठिकाण. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, त्याच डाल्याच्या लांबीच्या गाडीचं कोटेशन दोन-तीन शहरांतून घ्यावं. गाडी नागपुरात घेतली तरी तुमच्या पत्त्यावर वर्ध्याचं, एमएच 32 चं पासिंग होऊ शकतं. "कंपनीचा भाव सगळीकडे सारखाच असतो," असं ऐकवलं जाईल. छापील किंमत सारखी असते, सूट सारखी असलीच पाहिजे असं नाही. मारुती सुझुकीने डीलरांना ठरलेल्यापेक्षा जास्त सूट देण्यापासून रोखलं, बनावट गिऱ्हाइकं पाठवून तपासलं आणि जास्त सूट देणाऱ्यांना दंड लावला, असा ठपका ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2021 मध्ये कंपनीला 200 कोटींचा दंड केला होता. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. ते प्रकरण मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रातल्या डीलरांबद्दलच्या तक्रारीतून उभं राहिलं होतं. डीलरांनी आपापसांत सूट देण्याची चढाओढ करावी, यातच गिऱ्हाइकाचं हित आहे, हे त्या आदेशामागचं सूत्र.

महिनाअखेर, मार्चअखेर शोरूमला विक्रीचा आकडा गाठायचा असतो, तेव्हा हात सैल होतो. जानेवारी-फेब्रुवारीत मागल्या वर्षी बनलेली गाडी स्वस्तात देऊ करतात. घ्यायला हरकत नाही, पण विकताना बनावटीचं वर्ष बघितलं जातं, तेव्हा सूटही तेवढी घसघशीत हवी.

एक बाब वजनाची. एकूण वजन 3,000 किलोंपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परवाना लागत नाही. मोठ्या डाल्याची गाडी 'थोड्याच फरकात' म्हणून पुढे केली, तर तिचं एकूण वजन विचारा आणि परवान्याचा खर्च त्या फरकात मिळवा.

सगळ्यात जास्त पैसा कर्जात जातो, आणि तिथेच आपण सर्वांत कमी बोलतो. गाडीचा भाव पक्का होईपर्यंत हप्त्याचा विषय काढू नये, नाहीतर भावातली वाढ हप्त्यात दिसेनाशी होते. 'फ्लॅट 8 टक्के' हा शब्द ऐकला की कागद-पेन घ्या. आठ लाखांवर चार वर्षांचं व्याज 2,56,000, हप्ता 22,000. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण आठ लाखांवर धरलेलं आहे. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर 14 टक्क्यांच्या वर जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याला मुख्य तथ्यांचं विवरणपत्र द्यावं लागतं. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. आपल्या बँकेचा आणि शोरूमच्या फायनान्सवाल्याचा तोच आकडा शेजारी ठेवून बघा.

गाडी ताब्यात घेताना चेसिस आणि इंजिन नंबर बिलाशी जुळवा, फॉर्म 21 वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, बनावटीचा महिना-वर्ष वाचा, आणि विम्यात तेच नंबर आहेत ना ते पाहा. नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नंबराशिवाय, गाडी रस्त्यावर काढू नका. कर्ज फिटल्यावर फायनान्सवाल्याची सही असलेला फॉर्म 35 आणि ना-हरकत पत्र लगेच मागून घ्या आणि आरसीवरचा बोजा उतरवा. तो तसाच राहिला तर गाडी विकताना अडते.