फळांची टिकवण (भाग ७) : संत्र्याची साल आणि लिंबाची मदत

सौंदड हे धानाचं गाव. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यात चहूकडे बांध्या आणि तळी. संत्र्याचा पट्टा दूर पश्चिमेला, नागपूर-काटोल-वरूडकडे. थंडीत तिकडची संत्री भंडारा, साकोली करत महामार्गाने इथवर येतात. घरोघरी ती आवडीने खाल्ली जातात आणि साली उकिरड्यावर जातात. मार्मलेडची सुरुवात होते ती नेमकी या सालीपासून.

मार्मलेड म्हणजे लिंबूवर्गीय फळाच्या पारदर्शक, थरथरत्या जेलीत सालीचे मऊ काप. साखरआंबा करणाऱ्या हाताला ते अवघड नाही. तरीही पुस्तकात वाचून नागपुरी संत्र्याचं मार्मलेड करणाऱ्यांच्या बरण्यांत बरेचदा नुसता गोड पाक उरतो. दोष त्यांचा नसतो, कृती वेगळ्या फळाची असते.

ब्रिटनमधलं मार्मलेड सेव्हिलच्या कडू संत्र्याचं. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात केलर कुटुंबाने १७९७ च्या सुमारास त्याचा धंदा सुरू केला. साधारण त्याच काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची रोपं नागपुरात आणल्याचं सांगितलं जातं. दोन्ही संत्रीच, पण स्वभाव निराळे. सेव्हिलचं फळ आंबट, कडू, बियांनी भरलेलं, सालीखाली पांढऱ्या गराचा जाड थर असलेलं. नागपुरी संत्रं गोड, सैल सालीचं. त्या सालीला सुगंधी तेल भरपूर, पांढरा थर मात्र नावापुरता.

आणि सगळी मेख त्या पांढऱ्या थरात आहे. फळ घट्ट धरणारं पेक्टिन तिथे आणि बियांभोवती सर्वाधिक असतं. पाण्यात पेक्टिनच्या लांब साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात. आंबटपणा हा भार कमी करतो, साखर त्यांच्याभोवतीचं पाणी ओढून घेते. मग साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं तयार होतं आणि रस त्यात अडकतो. पेक्टिन, आम्ल, साखर या तिघांपैकी नागपुरी संत्र्याकडे पहिली दोन बेताचीच. कारखान्यात यावर पेक्टिनची पूड घालतात. तीही बहुतांशी लिंबूवर्गीय सालींतूनच काढलेली. घरी ते काम कागदी लिंबू आणि मोसंबं करतं.

एक किलो संत्री, चार-पाच लिंबं आणि एक मोसंबं घ्यावं. फळं कोमट पाण्यात घासून धुवावीत. तीन-चार संत्र्यांच्या सालींचे काडीसारखे बारीक काप करून ते दोनदा पाण्यात दहा-दहा मिनिटं उकळावेत आणि ते पाणी फेकावं. कडवटपणा बराच उतरतो. संत्र्याच्या बिया काढून टाकाव्यात, कारण त्यांतलं लिमोनिन रसात उतरलं की चव हळूहळू कडू होत जाते. लिंबाच्या बिया, पिळलेल्या फोडी आणि मोसंब्याची जाड साल मलमलीच्या पुरचुंडीत बांधावी. संत्र्याच्या फोडी, लिंबाचा रस, सालीचे काप, पुरचुंडी आणि लिटरभर पाणी स्टीलच्या रुंद पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर तासभर शिजवावं. पितळ किंवा ॲल्युमिनियम इथे नकोच. आम्ल धातू खातं.

साल बोटाने सहज चिरडते का, ते साखरेआधीच पाहावं. साखर पडल्यावर साल मऊ होत नाही, उलट चिवट होते. मग पुरचुंडी घट्ट पिळून काढावी. जो बुळबुळीत चीक येतो, तेच पेक्टिन. मिश्रण वाटीने मोजून वाटीला पाऊण वाटी साखर घालावी.

साखर विरघळली की आच मोठी करावी. साखरआंब्याची सवय इथे आड येते. तो मंद आचेवर निवांत आटवतात, तर मार्मलेड फार वेळ रटरटलं की पेक्टिन तुटतं आणि जेली ढिली पडते. आणखी एक सवय सोडायची ती एकतारी पाकाची. तार साखरेचा दाटपणा सांगते, पेक्टिनचा नाही. खरी खूण अशी: चमचा तिरका धरला की थेंब सुटे न पडता एकमेकांना चिकटून पातळ पडद्यासारखे ओघळतात. किंवा गार बशीत थेंबभर टाकून बोटाने ढकलावं. वर सुरकुती पडली की झालं. थर्मामीटर असेल तर उकळत्या पाण्यापेक्षा साधारण चार-साडेचार अंश वर. या टप्प्याला विद्राव्य घटक ६५ टक्क्यांच्या आसपास असतात आणि बाजारातल्या मार्मलेडसाठी भारतीय अन्नसुरक्षा नियमांतली किमान मर्यादाही तीच आहे.

गॅस बंद करून दहा मिनिटं थांबावं, नाहीतर सगळे काप वर तरंगतात. मग गरम, कोरड्या, निर्जंतुक बरण्यांत भरून झाकणं लावावीत. घट्ट व्हायला दिवसभर लागू शकतो, तोवर बरणी हलवू नये. तरीही पातळ राहिलं, तर एका लिंबाचा रस घालून पुन्हा भराभर उकळावं. बहुतेक वेळा जमतं.

आंबिया बहाराची फळं हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि किंचित आंबट असतात, म्हणून मार्मलेडला तीच बरी. मृग बहाराची नंतर येणारी गोड संत्री वापरायची झाल्यास दोन लिंबं जास्त घ्यावीत. उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि दरवेळी कोरडाच चमचा घालावा. पुढच्या भागात कवठाची जेली. त्यासाठी पिकलेली कवठं आणून ठेवा.