डोंगरावर भेटतो कल्याणचा सोनार!

दोस्ता, ठाण्याजवळचं येऊरचं जंगल ठाऊक आहे ना? तिथून पक्ष्यासारखं पश्चिमेला उडत गेलं, तर जंगलातच एक काळा डोंगर लागतो. कान्हेरी! 'कृष्णगिरी' म्हणजे काळा डोंगर, त्याचंच झालं कान्हेरी. आपल्याला उडता येत नाही, म्हणून बोरिवलीकडून जायचं. सोमवारी नको हं, राष्ट्रीय उद्यानाला सुट्टी असते. आणि खाऊचा डबा माकडांना दाखवायचा नाही!

इथे शंभराहून जास्त लेणी आहेत. लेणी बांधत नाहीत, कोरतात! कणकेच्या हत्तीची सोंड तुटली तर परत चिकटवता येते. दगडाचं नाक तुटलं की तुटलं! तरी तिसऱ्या लेण्यात बुद्धाच्या दोन मूर्ती आहेत, दुमजली घराएवढ्या. सुमारे 7 मीटर! मान वर करून करून दुखते.

एका लेण्यात तर चक्क अकरा तोंडांची मूर्ती आहे. अवलोकितेश्वराची. तो सगळ्या दिशांना माया करत बघतो म्हणे. आपल्या बाईंना अकरा तोंडं असती, तर मागच्या बाकाचं काही खरं नव्हतं!

पण मला सगळ्यात काय आवडलं, ओळख पाहू?

पाण्याची टाकी! जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी एक. कातळात बोटभर पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचं पाणी घसरगुंडीवरून यावं तसं त्यांतून थेट टाक्यात! भिक्षूंना वर्षभर प्यायला.

आता गंमत ऐक. अशाच एका टाक्यापाशी दगडात कोरलंय की, हे टाकं दिलं सामिदत नावाच्या सोनारानं. राहणार कुठला? कल्याणचा! आपल्या लोकलच्या कल्याणचा! सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा. तेव्हा लोकल कुठली! कल्याण होतं बंदर, गलबतांचं आणि व्यापाऱ्यांचं. आणखी एका लेखात कल्याणचाच एक लोहार भेटतो. त्यानं काय दिलं? चालायची वाट!

विचार कर, दिवसभर गुंजभर सोनं तोलणारा माणूस, आणि त्यानं दान काय दिलं, तर टाकंभर पाणी!

लेख ब्राह्मी लिपीत आहेत. वाचता येणार नाहीत? थांब, एक अक्षर तुला आत्ताच येतं. गणिताच्या वहीतली अधिकची खूण आठव. ब्राह्मीतला 'क' अगदी तसाच! फक्त उभी रेघ थोडी लांब. लेखात कल्याणला म्हटलंय 'कलियण'. म्हणजे पहिलं अक्षर कोणतं? अधिक!

मी तर टाक्याजवळ उकिडवा बसून तेच शोधत होतो. मग डोंगरमाथ्यावर गेलो. खाली हिरवंगार जंगल, पलीकडे बोरिवलीच्या इमारती. मी मात्र पाठ फिरवली आणि पूर्वेकडे पाहत बसलो. कल्याण काही दिसलं नाही. मध्ये येऊरचे डोंगर आडवे! सामिदत तेवढं सगळं ओलांडून आला असेल.