कोणती गन कोणत्या गाडीला?

बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिक कार चार्ज होते ती मुख्यतः घरीच, रात्रभर. फास्ट चार्जर आठवतो तो लांबचा रस्ता धरला की. या दोन्ही ठिकाणी वीज वेगळी आणि गाडीला लागणारी जोडणी, म्हणजे गनही, वेगळी.

बॅटरीत साठते ती डीसी वीज. घरच्या पॉइंटमधून मिळते एसी. तिचे डीसी करण्याचे काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. लहान गाड्यांत त्याची ताकद साधारण ३.३ किलोवॅट, काहींत ७.२. म्हणून २४ युनिटची बॅटरी भरायला आख्खी रात्र लागते. फास्ट चार्जर हेच रूपांतर आपल्या मोठ्या पेटीत उरकतो आणि डीसी थेट बॅटरीला देतो.

आजच्या कारचे चार्जिंगचे झाकण उघडले की वर सात भोकांचा गोल आणि खाली दोन जाड भोके दिसतात. वरचा भाग टाइप-२, एसीसाठी. फास्ट चार्जरची गन वरखाली दोन्ही व्यापते, ही सीसीएस-२. गन बसली म्हणून वीज लगेच सुटत नाही. आधी एका बारीक पिनेवरून गाडी आणि चार्जर ‘बोलतात’: व्होल्ट किती, अँपिअर किती. गन आतून अडकते, इन्सुलेशन तपासले जाते, मग प्रवाह सुरू होतो. हे बोलणे फिसकटले तर गन चपखल बसूनही गाडी चार्ज होत नाही.

सुरुवातीला गनबाबत असे एकमत नव्हते. नागपुरात २६ मे २०१७ रोजी २०० इलेक्ट्रिक वाहनांचा सार्वजनिक वाहतूक प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशात ‘भारत डीसी-००१’ हे मानक नवे होते: १५ किलोवॅट आणि चिनी धाटणीची जीबी/टी गन. सरकारी कार्यालयांसाठी घेतलेल्या ई-व्हेरिटो आणि सुरुवातीच्या टिगोर ईव्ही या गाड्या याच गनने चार्ज होत. डिसेंबर २०१८च्या केंद्रीय नियमांनी चार्जिंग केंद्रात सीसीएस, जपानी चाडेमो, टाइप-२ आणि ‘भारत’ मानकाचे चार्जर, असा सगळाच बाजार मांडायला लावला. खर्च वाढवणारी ही सक्ती २०१९मध्ये सुटली, ते बरेच झाले. जानेवारी २०२०मध्ये नेक्सॉन ईव्ही सीसीएस-२ घेऊन आली आणि कारपुरता प्रश्न जवळपास मिटला. अमेरिकेत स्वतःची वेगळी गन वापरणारी टेस्लादेखील जुलै २०२५मध्ये मुंबईत आली ती सीसीएस-२ घेऊनच. जुन्या जीबी/टी गाड्यांना मात्र नव्या केंद्रांचा फारसा उपयोग नाही. स्कूटरच्या गनचे घराणे तर निराळेच. ती कारला लागत नाही.

गन जुळली तरी वेगाचा हिशेब उरतो. चार्जर १२० किलोवॅटचा आणि गाडी ५० किलोवॅट घेणारी असेल, तर मिळतात ५०च. साठ किलोवॅटच्या अनेक चार्जरना दोन गन असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की वाटणी होते. ऐंशी टक्क्यांनंतर गाडी स्वतःच वेग उतरवते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात बॅटरी तापली असेल तर त्याही आधी. म्हणून प्रवासाला निघताना ॲपवर गनचा प्रकार आणि किलोवॅट, दोन्ही पाहावेत.

घरी मात्र किलोवॅटपेक्षा अर्थिंग महत्त्वाचे. ते नीट नसेल तर बऱ्याच गाड्यांची चार्जिंग केबल लाल दिवा दाखवते आणि चार्जिंग सुरूच होत नाही. कारसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्यावा. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावू नये.